झीज आणि ऊब

मराठी भाषेने 'झिजणे' या क्रियापदाला मोठी प्रतिष्ठा दिली आहे. चंदन झिजते म्हणून त्याचा सुगंध दरवळतो. आईबाप मुलांसाठी झिजतात. समाजसेवक लोकांसाठी देह झिजवितो. 'गंजण्यापेक्षा झिजणे बरे' असे आपण सहज बोलून जातो. परंतु हेच क्रियापद आपल्या मालकीच्या एखाद्या किमती वस्तूला लागू पडले की आपला सूर पालटतो. माणूस झिजला तर आपण त्याचा गौरव करतो आणि वस्तू झिजू लागली की आपल्याला झोप लागत नाही. या विसंगतीकडे थोडे थांबून पाहावे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी उदाहरण मुद्दामच साधे, किंबहुना क्षुल्लक वाटावे असे घेत आहोत. ते म्हणजे थंड देशांतील मोटारींत असणारी, विजेवर तापणारी चामड्याची सीट.

आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत राहणाऱ्या वाचकाला अशा सीटचे प्रयोजन चटकन उमगणार नाही. आपल्याकडे उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत बसताना चटका बसतो, गारठा नव्हे. परंतु कॅनडात किंवा उत्तर युरोपात जानेवारीच्या सकाळी, रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या मोटारीतील चामडे बर्फासारखे गार पडलेले असते. इंजिन तापून आतली हवा ऊबदार व्हायला बराच अवधी लागतो आणि तोवर माणूस कुडकुडत राहतो. अमेरिकेत १९६६ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तापणाऱ्या सीटची सोय जादा पैसे भरून मिळू लागली. १९७०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने ती आपल्या मोटारींत बसविली. आज मध्यम किमतीच्या मोटारींतही ती आढळते. तिची रचना साधी आहे. आवरणाखाली बारीक तारांची किंवा कार्बनच्या तंतूंची जाळी असते. तिच्यातून वीज वाहिली की ती तापते आणि ठरावीक तापमानाला पोहोचताच नियंत्रक विजेचा प्रवाह आवरतो.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता कॅनडात स्थायिक झाली आहेत. तिथे कष्टाने घेतलेल्या पहिल्या चांगल्या मोटारीबरोबर एक चिंताही घरात येते. सीट रोज तापवली तर चामडे सुकेल काय? त्याला भेगा पडतील काय? रंग उडेल काय? आमच्या ऐकिवात असे एक घर आहे, जिथे ते बटण सबंध हिवाळ्यात एकदाही दाबले गेले नाही. त्या हिवाळ्यात इथून मुलाकडे राहायला गेलेली आई रविवारी मिस्साला जाताना मागच्या नव्हे, मानाने पुढच्या सीटवर बसे. गुडघ्यांवर शाल घेऊन बसे. तिचे गुडघे संधिवाताचे होते. मुलगा वाईट नव्हता. तो आईवर जीव लावणारा होता. त्याला फक्त चामड्याची काळजी होती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी काचेच्या कपाटातील कपबश्या अशाच पाहुण्यांची वाट पाहत पिढ्यान्‌पिढ्या कोऱ्या राहिल्या आहेत. त्यामुळे त्या मुलाला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

नैतिक विचार करण्यापूर्वी भीतीचे कारण खरे आहे की नाही, हे तपासणे हाही नीतीचाच एक भाग होय. कच्चे कातडे ओल्या अवस्थेत साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास आकसू लागते. परंतु क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे सुमारे १०० अंशांपर्यंत तग धरते. मोटारीच्या चामड्यावर शिवाय रंगाचा थर आणि त्यावर संरक्षक लेप असतो. सीटची जाळी तिला शरीराच्या उष्णतेहून थोडीच अधिक तापवते. उलट, काचेआड भर उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील चामडे त्याहून कितीतरी अधिक तापते. चामड्याचे खरे वैरी वेगळेच आहेत: कडक ऊन, कणाकणाने घासणारी धूळ, घामाचा नि तेलाचा थर आणि उतरताचढताना एकाच कडेवर पडणारा भार. ऊबेने चामड्याची झीज मुळीच होत नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण या शत्रूंच्या मानाने ती अल्प आहे, आणि मधूनमधून ओलसर मऊ फडक्याने सीट पुसण्याने तिला पुष्कळ आळा बसतो. जाळी बिघडते ती बहुधा गुडघा रोवून सीटवर चढल्याने किंवा टोकदार, जड वस्तू ठेवल्याने, कारण एका जागी दाब पडून आतली तार तुटते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. तापणाऱ्या सीटपासून जपायचेच असेल, तर ते चामड्याला नव्हे, माणसाच्या कातडीला जपायला हवे. अशा सीटवर तासन्‌तास, दिवसेंदिवस बसणाऱ्यांच्या मांड्यांवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मधुमेहामुळे किंवा अर्धांगवायूमुळे ज्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तर भाजल्याचे कळतही नाही. म्हणून सीट तापली की बटण बंद करावे आणि अशा व्यक्तीसाठी ते लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पण गंमत अशी की, आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो मेलेल्या जनावराच्या कातड्याचा. जिवंत माणसाच्या कातडीचा येत नाही. आमच्या मते या लेखाचा विषय नेमका हाच आहे.

ॲरिस्टॉटलने 'राजनीती' या ग्रंथात पादत्राणाचे दोन उपयोग सांगितले आहेत. एक पायांत घालणे, दुसरा त्याच्या बदल्यात काही मिळविणे. दोन्ही उपयोग पादत्राणाचेच. परंतु ते बनले आहे पहिल्यासाठी. मोटारीची सीट जपणाऱ्याला विचारावे, 'कोणासाठी जपतोस?' बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर येते, 'पुढे विकताना किंमत यावी म्हणून.' म्हणजे पाच-सात वर्षांनी येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या नजरेसाठी आज शेजारी बसलेल्या आईचे गुडघे गार राहतात. जिच्यावर बसायचे ती सीट, बसण्यापेक्षा दाखविण्याची वस्तू होते. हिशेब मांडला तर तोही तोट्याचाच ठरतो, कारण न वापरलेल्या उबेची किंमत कोणताही गिऱ्हाईक मोजीत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजाच्या प्रश्नाची चर्चा करताना वस्तूंचे दोन वर्ग पाडले आहेत. धान्य आणि द्राक्षारस यांचा वापर म्हणजेच त्यांचा व्यय. ती खाल्ली-प्यायली की संपली. घराचे तसे नाही. घरात राहिले तरी घर उरते. हा भेद उपयुक्त आहे. पण आपल्या रोजच्या बहुतेक वस्तू या दोन टोकांच्या मधोमध असतात, असे आम्हाला वाटते. कपडे, भांडी, खाट, सीट ही वापराने एकदम संपत नाहीत आणि अखंडही राहत नाहीत. ती थोडीथोडी दिली जातात. एका हिवाळ्याची ऊब आणि चामड्यावरची एक पुसट सुरकुती, हा एकच व्यवहार आहे. सुरकुती नको आणि ऊब हवी, असे म्हणणे म्हणजे धान्य कोठारात तसेच राहावे आणि भूकही भागावी, अशी इच्छा करणे होय.

यावर एक सबळ आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आपले वाडवडील वस्तू जपून वापरीत. लुगडे विरले की त्याची गोधडी होई. काटकसर हा आपल्या घरांचा सद्‌गुण होता आणि त्याच सद्‌गुणावर पुढच्या पिढीची शिक्षणे झाली. मग जपणाऱ्याला दोष का द्यावा? शिवाय पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीवर कठोर टीका केली आहे. त्या सीटमागे एका जनावराचा जीव आहे, चामडे कमावणाऱ्या कामगाराचे श्रम आहेत, पुष्कळ पाणी आणि रसायने आहेत. ती हेळसांडीने फाडणे हे पापच मानावे लागेल.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण तो आमच्या म्हणण्याविरुद्ध जात नाही. आपल्या आजीने लुगडे जपले ते नेसून जपले. ते विरेपर्यंत नेसले, विरल्यावर त्याची गोधडी केली आणि गोधडीने नातवंडांना ऊब दिली. तिची काटकसर वस्तूचा उपयोग लांबवीत होती, थांबवीत नव्हती. जपणे आणि राखून ठेवणे यांत हाच फरक आहे. जपणारा वस्तूकडे पाहताना माणसाला विसरत नाही. राखून ठेवणारा हळूहळू वस्तूचा पहारेकरी बनतो. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याने आपली सीट डोळ्यांत तेल घालून सांभाळली, तर तीही माणसांचीच काळजी आहे, कारण त्या सीटवर त्याच्या मुलांचे जेवण अवलंबून आहे. तेव्हा 'वापरा' किंवा 'वापरू नका' असा सरसकट नियम सांगता येणार नाही. सांगता येते ते इतकेच की, प्रत्येक वेळी ही काळजी अखेरीस कोणा माणसापाशी पोहोचते की वस्तूपाशीच अडून राहते, हे पाहावे.

चौथ्या शतकात संत बाझील यांनी श्रीमंतांना उद्देशून केलेल्या प्रवचनात पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्यावाघड्याचे आहे आणि घरात कुजणारे जोडे अनवाण्याचे आहेत, अशा आशयाचा इशारा दिला होता. त्यातील 'कुजणारे' ही कल्पना विचार करण्याजोगी आहे. वापरले नाही म्हणून वस्तू टिकतेच, असे नाही. न वापरलेले जोडेही कुजतात. न वापरलेले चामडेही वर्षे सरता कडक होते. प्रभू येशूनेही पृथ्वीवरच्या ठेव्याला कसर आणि जंग लागते, याची आठवण करून दिली आहे. झीज अटळ आहे. ती कोणाच्या उपयोगी पडावी, एवढेच निवडणे आपल्या हाती असते.

संत ऑगस्टीन यांनी वापरायच्या गोष्टी आणि ज्यांच्या ठायी आनंदाने विसावायचे त्या गोष्टी यांत भेद केला. अंतिम विसावा केवळ परमेश्वरात. बाकी सारे वाटेवरचे साधन. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ सालच्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात हेच आपल्या काळाच्या भाषेत मांडले. चांगले जगण्याची इच्छा चुकीची नाही; चूक होते ती 'असण्या'पेक्षा 'जवळ बाळगण्या'ला मोठे मानण्यात. म्हणून तापणारी सीट ही चैन आहे की गरज, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर सीटवर कोण बसले आहे यावर अवलंबून राहील. धडधाकट तरुणासाठी ती चैन असू शकेल. उणे वीस अंशांच्या सकाळी संधिवाताच्या गुडघ्यांसाठी ती चैन नव्हे. आणि बसथांब्यावर बर्फात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला ती सीट देऊ केली, तर चैनीचेही दान होते.

रोममध्ये संत पीटर महामंदिरात संत पीटरचा एक जुना कांस्य पुतळा आहे. शतकानुशतके यात्रेकरूंनी स्पर्श करून, चुंबून त्याच्या उजव्या पायाची बोटे झिजून गुळगुळीत झाली आहेत. कोणी कलापारखी म्हणेल, पुतळ्याची हानी झाली. परंतु तो पाय कोरा करकरीत राहिला असता, तर तिथे कोणी भक्त आलाच नाही, एवढेच त्यावरून कळले असते. आपल्या जुन्या चर्चमधील गुडघे टेकण्याच्या फळ्यांवर पडलेले खळगे पाहून आपण कधी हळहळत नाही. आपल्या आज्यापणज्या तिथे टेकल्या होत्या, हे आपल्याला ठाऊक असते.

मोटारीची सीट म्हणजे देवळातील पुतळा नव्हे, हे आम्ही जाणतो. तिची झीज पवित्र नसते. पण तीही एखाद्याची आठवण राखू शकते. परदेशी राहणाऱ्या आपल्या बांधवांना म्हणूनच सांगावेसे वाटते: सीट स्वच्छ ठेवा, उन्हापासून वाचवा, तिच्यावर गुडघा रोवू नका आणि ऊब पुरेशी झाली की बटण बंद करा. पण थंडीच्या दिवसांत आई शेजारी येऊन बसली, तर तिने मागण्याची वाट पाहू नका. आपल्या माणसाच्या नव्या मोटारीत ती होऊन काही मागणार नाही. तिच्या पिढीला मागण्याची सवय नाही, झिजण्याची आहे.