नागरिकत्वाची किंमत

मननासाठी : रूथ, अध्याय १ ते ४, फिलिप्पैकरांस पत्र ३:२०



मनुष्य एखाद्या देशाचा केव्हा होतो? तेथे जन्मल्याने, कागदावर शिक्का उमटल्याने, की तेथील लोकांनी त्याला आपला म्हटल्याने? एका फुटबॉलपटूच्या जीवनातून हा प्रश्न पाहू या.

अराता इझुमी यांचा जन्म १९८२ साली जपानमध्ये झाला. आई जपानी, वडील गुजराती वंशाचे भारतीय. २००६ साली ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघातून खेळण्यास भारतात आले. पुढे महिंद्रा युनायटेड आणि पुणे एफ.सी. या संघांतून खेळले. भारतासाठी खेळावे ही त्यांची इच्छा होती. परंतु आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, आणि भारतीय पारपत्रावाचून राष्ट्रीय संघात स्थान नाही. वडिलांचे रक्त पुरेसे ठरले नाही. २०१२ साली त्यांनी जपानचे नागरिकत्व सोडले व नीलकंठ खंभोळजा हे भारतीय नाव घेतले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाईनविरुद्ध ते भारताकडून प्रथम मैदानात उतरले. भारत तो सामना २-४ असा हरला. एवढी किंमत मोजून पहिल्या दिवशी पदरी आला तो पराभवाचा वाटा! परंतु विजयात सोबत करावयास परकेही येतात; पराभव वाटून घेतो तोच आपला. आणि तरीही क्रीडारसिक त्यांना अराता या जुन्याच नावाने ओळखत राहिले.

रूथचेही असेच झाले. ओर्पा माहेरी परतली, तिला कोणी दोष दिला नाही. रूथ मात्र, जिच्यापाशी देण्यासारखे काहीच उरले नव्हते, अशा सासूबरोबर निघाली. नामीचे लोक आणि नामीचा देव आपले मानणारे तिचे उद्गार मूळ इब्री भाषेत अवघ्या चार शब्दांचे आहेत, आणि त्यांत क्रियापदच नाही. ‘आहेत’ म्हणावे की ‘होतील’, हे अनुवादकाने ठरवावयाचे. रूथच्या मनात त्या दोहोंत अंतर नव्हते.

बेथलेहेमात मात्र ते होते. शेतात दिवसभर सरवा वेचला, सासूला पोसले, तरी चौथ्या अध्यायापर्यंत ‘मवाबी’ हे विशेषण तिच्या नावामागे येतच राहते. बवाज तिला घरी आणतो त्या वचनापासून ते गळून पडते, आणि मग नगरातील स्त्रिया तिला नामीची सून म्हणून गौरवितात. रूथने आपले पाऊल पहिल्या अध्यायातच टाकले होते. नगराचे पाऊल पडावयास चौथा अध्याय उजाडला.

आमच्या भिलाईत हा प्रश्न नित्य भेटतो. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि केरळ, आंध्र, बंगाल, महाराष्ट्र अशा अनेक प्रांतांतून माणसे कामाला आली. त्यांची नातवंडे येथेच जन्मली. तरी उपासनेनंतर आपला पहिला प्रश्न असतो, “तुम्ही मूळचे कुठले?” विचारण्यात आपुलकीही असते. परंतु पंच निवडताना तेच उत्तर आठवून आपण एखाद्याचे नाव गाळतो, तेव्हा त्या आपुलकीचे काय होते? वाचकहो, आपल्या मंडळीत असे ‘मवाबी’ कोण आहेत?

फिलिप्पै ही रोमची वसाहत होती. तेथे रोमी नागरिकत्वाचा मोठा अभिमान असे. त्यांना पौल स्वर्गाच्या नागरिकत्वाची आठवण देतो. त्याच पत्राच्या १:२७ मध्ये आपण मराठीत ‘आचरण’ असा शब्द वाचतो; मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ नागरिक म्हणून वागणे असा आहे. नागरिकत्व वागण्यातून दिसावे लागते.

त्या स्वर्गीय देशात आपण सारेच परके होतो. आपल्या प्रवेशाची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर भरली, आणि आत घेताना आपले मूळ गाव विचारले नाही. म्हणून ज्या कुटुंबाला आपण अजून प्रांताच्या नावाने ओळखतो, त्याला येत्या रविवारी त्याच्या नावाने हाक मारू या, आणि आपल्या घरी जेवावयास बोलावू या.

प्रभू आपणांस तसे मन देवो. आमेन.