तांडा आणि टोळी

वलगावच्या पेढी नदीपासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही समुद्री युद्धातली एक मोठी कल्पना वऱ्हाडाच्या जुन्या ओळखीची आहे. आगगाडी येण्यापूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. एकट्यादुकट्याने कोणी निघत नसे, तांडा निघे. वाटेत लुटारूंचं भय, म्हणून सोबत हवी. व्यापारी जहाजांचा ताफा, म्हणजे कॉन्व्हॉय, याच विचारातून आला.

मग तांड्याला उत्तर काय? टोळी. हे उत्तर कोकण किनाऱ्याने अठराव्या शतकातच शोधलं होतं.

मराठ्यांचे आरमारप्रमुख आंग्रे यांच्या आरमाराची रीत इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने लिहून ठेवली आहे. आठ-दहा गुराबा, म्हणजे तोफांची मोठी जहाजं, आणि चाळीस-पन्नास गलबतं. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, मागची बाजू जवळजवळ उघडी. आधी डोलकाठ्या उडवायच्या आणि जहाज लंगडं झालं की सर्व बाजूंनी चढाई. डिसेंबर 1735 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं ‘डर्बी’ हे मोठं जहाज आंग्र्यांनी असंच पकडलं. या टोळीचं बळ तोफांपेक्षा नजरेत होतं. प्रत्येक नावेला दुसरी दिसत होती, त्यामुळे कोणी काय करायचं हे विचारावं लागत नव्हतं.

पाणबुडीपाशी नेमकी ही नजरच नव्हती. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, ब्रिटनने जहाजं ताफ्याने पाठवायला सुरुवात केली आणि जर्मन पाणबुड्यांपुढचा समुद्र जणू रिकामा झाला. अथांग पाण्यात तीस जहाजांचा ताफा एका जहाजापेक्षा फारसा सहज सापडत नाही. सापडलाच, तर एकटी पाणबुडी एक-दोन जहाजं बुडवते, बाकीची निघून जातात. ऑक्टोबर 1918 मध्ये भूमध्य समुद्रात कार्ल डॉनिट्झ नावाच्या तरुण जर्मन कप्तानाने दुसऱ्या पाणबुडीशी मिळून ताफ्यावर जाण्याचा बेत केला. ठरल्या जागी ती आलीच नाही. डॉनिट्झ एकटाच गेला, बोट गमावून कैद झाला.

1935 मध्ये जर्मनीच्या नव्या पाणबुडी दलाची सूत्रं हाती येताच त्याने तोच अपुरा बेत पुन्हा उघडला. रानात शिकारीचा हाका घालताना माणसं रांगेने उभी राहतात, तशा पाणबुड्या समुद्रात अंतराअंतराने पसरायच्या. जिला ताफा दिसेल तिने लगेच तुटून पडायचं नाही. मागे राहून बिनतारी संदेश द्यायचा. किनाऱ्यावरचं मुख्यालय बाकीच्यांना बोलावी आणि रात्री पाण्यावर येऊन सगळ्या मिळून हल्ला करत. ऑक्टोबर 1940 मध्ये ‘एससी 7’ या 35 जहाजांच्या ताफ्यातली 20 जहाजं अशी बुडाली.

आंग्र्यांच्या नजरेची उणीव इथे बिनतारी संदेशाने भरून काढली होती. पण नजर कोणाला ऐकू जात नाही, संदेश जातो! ब्रिटिशांनी जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची सांकेतिक लिपी फोडली. रक्षक नौकांवरची दिशाशोधक यंत्रं बोलणारी पाणबुडी कुठे आहे ते सांगू लागली. विमानं आणि नवं रडार जोडीला आलं. मे 1943 मध्ये जर्मनीच्या 40 हून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि 24 मे रोजी डॉनिट्झने उत्तर अटलांटिकमधून टोळ्या मागे घेतल्या. त्यानंतर हिंदी महासागराकडे निघालेल्या गटाला ‘मॉन्सून’ हे नाव मिळालं. पोहोचण्याआधीच त्यातल्या अनेक बोटी संपल्या. उरलेल्या अरबी समुद्रात एकेकट्या शिकार शोधत राहिल्या.

ही कथा बहुधा सेनापतींच्या नावाने सांगितली जाते. ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांना, डेकवरच्या रत्नागिरीकडच्या माणसांना, सलूनमधल्या गोवेकरांना, बॉयलरपुढच्या पंजाब्यांना तीत क्वचितच जागा मिळते. कोळसा ओढणाऱ्याला रात्री वर काय चाललं आहे हे स्फोट झाल्यावरच कळे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी नाविकांच्या नावांची वही मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात ठेवलेली आहे. त्यांची थडगी कुठेच नाहीत.