टाचणीवरचे नाव

उत्तर व मध्य युरोपातील जुन्या निसर्गेतिहास संग्रहालयांत लाकडी कपाटांचे खण ओढले, की काचेखाली टाचण्यांवर खोवलेल्या कीटकांच्या रांगा दिसतात. प्रत्येक टाचणीवर, कीटकाच्या खाली, नखाएवढी एक चिठ्ठी असते. तिच्यावर स्थळ, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. एखाद्याच टाचणीवर आणखी एक, बहुधा लाल रंगाची, चिठ्ठी आढळते. त्या जातीचे शास्त्रीय नाव याच एका देहाला बांधलेले आहे, असे ती सांगते. त्या जातीचे असंख्य जीव जन्मले आणि मेले. नावाचा आधार मात्र हा एक वाळलेला देह. शास्त्राच्या दृष्टीने ही व्यवहाराची सोय आहे. नीतीच्या दृष्टीने तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. ज्याला ओळखायचे त्याला मारल्यावाचून ओळख पटत नसेल, तर त्या ओळखीचे ऋण कोणी आणि कसे फेडावे?

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ १७५८ साली उप्सालाच्या कार्ल लिनीअसने सिद्ध केलेल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीपासून मानतात. कीटकांच्या बाबतीत त्याचा वारसा चालविला तो त्याचा डॅनिश शिष्य फाब्रीसियस याने. सुमारे दहा हजार कीटकांना त्याने नावे दिली. नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधण्याची शिस्त त्या काळी नव्हती. ती पुढे हळूहळू रुजली. २००० सालापासून तर नव्या जातीचे वर्णन करताना आधारभूत नमुना स्पष्टपणे निर्दिष्ट करणे नियमानेच बंधनकारक झाले आहे.

या व्यवस्थेचे मर्म भारतीय तत्त्वविचाराला अपरिचित वाटू नये. शब्दाचा अर्थ व्यक्ती, आकृती की जाती, या वादात नैयायिकांनी तिन्हींना पदार्थ मानले. ‘गाय’ या शब्दाने समोरची गाय, गायीचा आकार आणि गोत्व ही तिन्ही कळतात. लाल चिठ्ठीच्या टाचणीवरही ही तिन्ही एकत्र येतात. पण आकृती एकच आणि जाती मात्र भिन्न असे निघाले तर?

असे एका फुलपाखराच्या बाबतीत खरोखरच घडले. लिनीअसने १७५८ साली नोंदविलेले ‘सिनापिस’ हे पांढरे, नाजूक, मंद उडणारे रानफुलपाखरू युरोपभर परिचयाचे होते. सिनापिस म्हणजे मोहरी. वस्तुतः याच्या अळ्या वाटाण्याच्या कुळातील वनस्पतींवर वाढतात, म्हणजे नावातच गफलत होती. पण नाव टिकले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरून या एका रूपात दोन जाती आहेत असे ठरले. २०११ साली गुणसूत्रे आणि डीएनए तपासता तिसरी निघाली. पंख पाहून कोणाही माणसाला त्यांतील भेद खात्रीने सांगता येत नाही. मौज अशी, की स्वीडनमध्ये एकत्र वावरणाऱ्या दोन जातींचे नरही फसतात आणि दोन्हींच्या माद्यांचा अनुनय करीत राहतात. मादी मात्र स्वजातीच्याच नराचा स्वीकार करते. अडीचशे वर्षे विद्वानांना जे उमगले नाही, ते तिला ठाऊक होते.

हा भेद पुढे देशोदेशी पडताळता आला, तो पूर्वी मारून जपलेल्या नमुन्यांच्या बळावर. कोणी शंभर वर्षांपूर्वी टोचून ठेवलेले फुलपाखरू पुन्हा बाहेर काढता आले आणि ज्या प्रश्नाची त्या संग्राहकाला कल्पनाही नव्हती, त्याचे उत्तर त्यातून मिळाले. आजच्या दयाळू मनाला छायाचित्राचा मार्ग अधिक निर्मळ वाटतो. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन केवळ छायाचित्रांच्या आधारे केले गेले, तेव्हा शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. छायाचित्र कोणाला इजा करीत नाही, हे खरे. पण पाहणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच त्यात उरते. देह मात्र पाहणाऱ्याच्या समजुतीपलीकडचेही काही राखून ठेवतो. वर्णन करणारा चुकला असेल, तर त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी तो खणात थांबलेला असतो. मारण्याचे काही समर्थन असलेच तर ते येथे आहे. मात्र ते एका अटीवर टिकते: नमुना जपला गेला पाहिजे, आणि तो कोणालाही तपासता आला पाहिजे.

नाव मात्र चुकले तरी सहसा मागे घेता येत नाही. स्लोव्हेनियातील गुहांत राहणाऱ्या एका अंध भुंगेऱ्याला १९३७ साली ओस्कार शाइबेल याने हिटलरचे नाव दिले. नाव नियमानुसार दिले गेल्यामुळे ते आजही वैध आहे. नैतिक कारणांवरून नावे बदलण्याच्या मागणीला प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२३ साली नकार दिला. त्यापुढची विटंबना अशी, की त्या नावाच्या आकर्षणामुळे स्मृतिचिन्हे जमविणारे या भुंगेऱ्याच्या मागे लागले. दृष्टी नसलेल्या, मानवी इतिहासाशी काडीचाही संबंध नसलेल्या जिवाला माणसाच्या भक्तीचे प्रायश्चित्त भोगावे लागले. नावांचे स्थैर्य शास्त्राला हवेच; परंतु हा निर्णय बिनतोड आहे असे मानणे कठीण आहे.

संख्येचा प्रश्न याहून अवघड. रेने मालेझ या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले होते, की तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्याकडेच चढत जातात. त्यावरून त्याने जाळीचा एक तंबूसारखा सापळा रचला आणि १९३७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वाटेत आडवी आलेली जाळी ओलांडण्यासाठी कीटक वर चढतो आणि टोकाच्या बाटलीतील अल्कोहोलमध्ये पडतो. २००३ ते २००६ या काळात स्वीडनभर असे सापळे लावले गेले, आणि त्यांत अंदाजे दोन कोटी कीटक जमा झाले. शास्त्राला अपरिचित असलेल्या जाती त्यांत निघाल्या, आणि तेही जिथे लिनीअस स्वतः पायी हिंडला त्या देशात. पण बारीक माशा आणि परोपजीवी गांधीलमाश्या ओळखणारे तज्ज्ञ मूठभर. त्यामुळे त्या साठ्यातील पुष्कळ जिवांची ओळख अद्याप पटलेली नाही. पक्षी आणि मोटारींच्या काचा याहून कितीतरी अधिक कीटक मारतात, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरे आहे आणि अपुरेही आहे. काच कीटकाला काही वचन देत नाही, संग्राहक देतो.

हे वचन पाळले गेल्याचे उदाहरण जर्मनीत सापडते. क्रेफेल्ट येथील कीटकप्रेमींची संस्था १९०५ सालची. तिच्या सभासदांनी, त्यांतील बहुतेक हौशी, वर्षानुवर्षे संरक्षित क्षेत्रांत मालेझचे सापळे लावले आणि बाटल्यांतील ऐवज वजन करून जपून ठेवला. १९८९ ते २०१६ या सत्तावीस वर्षांतील त्रेसष्ट ठिकाणांच्या वजनांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटले होते. ऐन उन्हाळ्यात तर ब्याऐंशी टक्क्यांनी. बहुतेक ठिकाणी मोजणी एकाच वर्षी झाली होती, हा आक्षेप रास्त आहे. तरीही कीटक सरत चालले आहेत हे जगाला ज्यामुळे इतक्या ठळकपणे कळले, ते मारलेल्या कीटकांचेच वजन होते. या विसंगतीचा विचार करताना सहज सुटका होत नाही.

तो हिशेब होण्यासाठी आधी एक कंटाळवाणे काम कोणीतरी करीत राहावे लागले. बाटलीतील अल्कोहोल हळूहळू उडून जाते आणि कीटक उघडे पडून कुजू लागतात. म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक झाकण उघडून नवे अल्कोहोल ओतावे लागते, आणि शाई पुसट होत आली असेल तर स्थळ आणि दिनांक पुन्हा लिहून ती चिठ्ठी बाटलीत सोडावी लागते.