जुन्या गाडीचा श्वास

शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या जयगडच्या वाटेवर जुनी येझदी मोटरसायकल चालवायची, तर आधी हवेचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ, पावसाळ्यात आडवा पाऊस आणि बारा महिने खारा वारा.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे साधारण ९,००० लिटर हवा! तिच्याबरोबर आत गेलेली धूळ सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढते. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. त्यामुळे धूळ अडवणाऱ्या एअर फिल्टरची पेटी गंजली की मूळची मिळेलच असे नाही. मग कुणी कार्बोरेटरवर नुसती जाळी बसवतात. मला ते पटत नाही. टू-स्ट्रोक इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढते. ते धक्के पचवायला आणि आवाज दाबायला पेटीतली मोकळी जागाच लागते.

पेटी घरीही करता येते. साधा पत्रा खाऱ्या हवेत टिकत नाही. होड्यांना लावतात ते फायबर उत्तम. पुठ्ठ्याचा साचा करावा, आतली जागा मूळ पेटीएवढीच ठेवावी. हवेचे तोंड पावसापासून वळवलेले असावे, फिल्टरच्या अलीकडे पाणी निथळायला बारीक भोक असावे आणि सांध्यांना रबर लावावे.

मग थोडे अंतर चालवून स्पार्क प्लग काढून पाहा. तो पांढराफटक दिसला, तर पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे. कार्बोरेटर नीट लावून घेईपर्यंत गाडी पळवू नका, पिस्टन जाम होईल.