दुःखाशिवाय दिलेली मानवंदना

हवाई दलाची एखादी कमांड राजधानीच्या परिसरात असली की तिचे काम आकाश राखण्याचे, असे आपण गृहीत धरतो. वॉशिंग्टनमधील अमेरिकी हवाई दलाची कमांड या अपेक्षेत नीट बसत नाही. ‘एअर फोर्स डिस्ट्रिक्ट ऑफ वॉशिंग्टन’ ही कमांड १९८५ मध्ये स्थापन झाली, १९९४ मध्ये मोडली आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर बदललेल्या परिस्थितीत २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. मेरीलँडमधील अँड्र्यूज तळावर तिचे मुख्यालय आहे. राष्ट्राध्यक्षांचे विमान त्याच तळावर असते, पण ते दुसऱ्याच कमांडकडे. हिच्याकडे येते ते प्रशासन, आणीबाणीची तयारी, हवाई दलाचा बँड आणि ऑनर गार्ड हे मानवंदना पथक. १९४८ मध्ये वॉशिंग्टनच्या बोलिंग तळावर उभे राहिलेले हे पथक आजही तिथेच आहे. त्या तळाच्या धावपट्ट्या मात्र १९६२ मध्येच विमानांना बंद झाल्या. जिथून विमान उडत नाही अशा हवाई दलाच्या ठाण्यावर जवान शवपेटी कशी वाहायची, ध्वजाची घडी कशी घालायची आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता उभे कसे राहायचे, याचा सराव करतात. नदीपलीकडच्या अर्लिंग्टन स्मशानभूमीत ते ज्यांना निरोप देतात, त्यांतल्या बहुतेकांना त्यांनी कधी पाहिलेलेही नसते. ओळख नाही, दुःख नाही, शिवाय या कामाचा पगार मिळतो. मग तिथे जे घडते त्याला मान म्हणावे की मानाचे नाटक?

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे आणि त्याला दोन ठाम उत्तरे आहेत. पूर्वमीमांसेच्या मते विधी यथासांग झाला की झाला. ऋत्विज दक्षिणा घेऊन यज्ञ करतो, फळ यजमानाला मिळते. ऋत्विजाच्या डोळ्यांत पाणी आले की नाही, हे कोणी विचारत नाही. उलट संतांनी कर्मकांडाला भावाच्या कसोटीवर घासले आणि भाव नसलेले कर्म पोकळ ठरवले. आपला कल सहसा दुसऱ्या बाजूला असतो, कारण ती बाजू उदार वाटते. पण संत बोलत होते ते भक्त आणि देव यांच्यातल्या नात्याबद्दल, जिथे समोरचा अंतःकरण जाणतो असे मानलेले असते. समाज आणि मृत यांच्यातले नाते तसे नाही. ते ऋणाचे आहे, आणि ऋण फेडणाऱ्याची मनःस्थिती कशी आहे यावरून ते फिटले की नाही हे ठरत नाही. शिवाय सन्मान दुःखावर अवलंबून ठेवला तर लोकप्रिय वैमानिकाला भरभरून सलामी मिळेल आणि आयुष्यभर गोदामाच्या नोंदी ठेवून एकाकी मेलेल्या कारकून सैनिकाला कोरडी. ऑनर गार्डचा निर्विकार चेहरा मला म्हणूनच न्याय्य वाटतो. तो दोघांसाठी सारखाच असतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. भाव नको, कृती पुरे, असे एकदा म्हटले की कृतीची नक्कलही चालवून घ्यावी लागेल. ही भीती काल्पनिक नाही. १ जानेवारी २००० पासून अमेरिकेत प्रत्येक पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला, कुटुंबाने मागणी केल्यास, किमान दोन गणवेशधारी, ध्वजाची घडी आणि ‘टॅप्स’ या बिगुलधुनेचा कायदेशीर हक्क आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पिढीचे मृत्यू वाढत होते आणि बिगुलवादक पुरत नव्हते. सुरुवातीला ध्वनिमुद्रण लावले जाई. मग बिगुलाच्या तोंडात बसणारे एक छोटे यंत्र आले आणि २००३ मध्ये संरक्षण खात्याने त्याला मान्यता दिली. सैनिक कळ दाबतो, बिगुल ओठांना लावतो, आणि त्यातून अर्लिंग्टनमध्ये पूर्वी मुद्रित केलेली निर्दोष धून बाहेर पडते. वाजवणारा वाजवत नसतो.

मला हे खोटे वाटते, आणि ते का खोटे आहे हे नेमकेपणाने पाहिले पाहिजे. त्या सैनिकाला दुःख नाही म्हणून नव्हे. खऱ्या बिगुलवादकालाही ते नसेल. साध्या ध्वनिवर्धकावरून धून लावली तर तीत उणीव असते, पण लबाडी नसते. यंत्राच्या बिगुलात न झालेली कृती झाल्याचे भासवले जाते. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या दफनावेळी कडाक्याच्या थंडीत ताटकळलेल्या लष्करी वादकाचा एक सूर चिरकला. लोकांनी त्यात राष्ट्राचा हुंदका ऐकला. तो अर्थ मागाहून चिकटवलेला आहे आणि मला त्याची गरज वाटत नाही. चुकलेला सूर एवढेच सिद्ध करतो की कोणीतरी खरोखर वाजवत होते. विधीला भाव लागत नाही, पण कर्ता लागतो. मीमांसकही ऋत्विजाच्या जागी पुतळा बसवू देणार नाहीत.

चार्वाक म्हणेल, हा सगळा काथ्याकूट व्यर्थ आहे. मेलेल्याला काही पोचत नाही, विधी उरलेल्यांच्या समाधानासाठी असतो आणि विधवेला यंत्राच्या धुनेने समाधान मिळाले तर तुमचे काय गेले? पहिले विधान मी मान्य करतो. पण दुसरे त्यातून निघत नाही, आणि हवाई दलाच्याच इतिहासात त्याचे उत्तर आहे. युद्धात मेलेल्यांचे देह डेलावेअरमधील डोव्हर तळावरच्या शवागारात येतात. २००४ ते २००८ या काळात तिथले काही देहावशेष जाळून उरलेली राख व्हर्जिनियातील कचराभूमीत टाकली गेली, हे २०११ मध्ये उघड झाले. किमान २७४ सैनिकांचे अवशेष त्यात होते. तोवर त्या कुटुंबांना यातले काहीही ठाऊक नव्हते. त्यांचे समाधान अभंग होते. समाधान हीच कसोटी असेल, तर गुन्हा राख टाकणाऱ्यांचा नव्हे, ती बातमी फोडणाऱ्यांचा ठरतो. हा निष्कर्ष कोणी स्वीकारणार नाही. म्हणजे ज्याला काहीच पोचत नाही त्याच्याशीही अन्याय करता येतो, असे आपण मानतो. चार्वाकवादीही, स्वतःच्या मुलाची राख असेल तर.

युद्धविरोधकांचा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो: चोख पावले, दुमडलेला ध्वज, बंदुकांच्या फैरी यांत मृत्यू इतका देखणा होतो की तो का झाला हे विचारणे असभ्य वाटू लागते. अर्लिंग्टनमध्ये पुरले जाणारे बरेचसे जण वृद्धापकाळाने गेलेले माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार असतात, हे खरे असले तरी एवढ्याने आक्षेप मोडत नाही. कारण १९९१ ते २००९ या काळात, जेव्हा स्मशानभूमीत एकेका शवपेटीला सलामी दिली जात होती, तेव्हाच डोव्हरला उतरणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रे घ्यायला वृत्तपत्रांना बंदी होती. एकेकट्याचा मान राखायचा आणि त्यांची संख्या एकत्र दिसू द्यायची नाही, असा हा व्यवहार. माझ्या युक्तिवादाने सलामी देणारा जवान सुटतो, कारण त्याने आपली कृती खरी केली. बंदी घालणारे सरकार त्याने सुटत नाही. ऋण मानायचे आणि त्याचा हिशेब मात्र झाकायचा, हे एकत्र जात नाही.