किल्लेकोटाविना राजा

परंड्याच्या भुईकोटाचा खंदक सकाळच्या उन्हात पाहिला, की मला बुद्धिबळातला किल्लेकोट आठवतो. राजा कोपऱ्यात, शेजारी हत्तीचा पहारा. इथल्या पोराला ही खेळी फार समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच किल्लेकोटच नसलेला एक डाव माझ्या मनातून जात नाही.

1982 साली डेव्हिड हॉर्न यांनी ‘झेडएक्स 81’ या स्वस्त घरगुती संगणकासाठी बुद्धिबळ लिहिले. त्या यंत्राची कामाची मेमरी 1 किलोबाइट, म्हणजे 1024 बाइट. पडद्यावरची अक्षरे आणि यंत्राच्या स्वतःच्या नोंदीही त्यातच. हॉर्न यांनी अख्खा खेळ 672 बाइटांत बसवला! आज मोबाइलवर देवनागरीच्या एकेका चिन्हाला साधारण तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. त्या हिशेबाने 672 बाइटांत 224 चिन्हे बसतात. तुम्ही वाचताय तो हा परिच्छेदसुद्धा मावणार नाही.

जागेसाठी त्यांनी तीन गोष्टी सोडल्या: किल्लेकोट, प्याद्याची बढती आणि प्याद्याने प्याद्याला जाता जाता मारणे. बढती गेल्याची मला हळहळ वाटते. आठव्या घरापर्यंत चालत गेलेल्या प्याद्याला काहीच मिळू नये, हे जिवाला लागते. तरीही निवड योग्यच होती. बुद्धिबळाची गोडी लागलेल्या गावातल्या एकट्या मुलाची अडचण नियमांची नसते. पट मांडून बसले, तरी समोर कोणी नसते. हॉर्न यांनी नियम कमी केले, पण समोरचा गडी ठेवला. आपली चाल झाली, की यंत्र स्वतः विचार करून उत्तर देई.

आणि किल्लेकोट तरी आपला कुठे? तो युरोपातून आला. जुन्या देशी डावात तो नव्हताच. तिथे राजाला शह बसण्याआधी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. तटबंदी नाही, एकच उडी, तीही वेळेवर सुचली तर.

शेजारचा सहावीतला मुलगा आज पट घेऊन येणार आहे. पहिला डाव किल्लेकोटाविना खेळू, असे त्याला सांगणार आहे.