न तापणारा अक्ष

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ वे सूक्त दीर्घतमस् ऋषीचे असून ते कोड्यांनी आणि प्रतीकांनी इतके गच्च भरलेले आहे, की त्यातील एकेका ऋचेपाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे भाष्यकार थबकले आहेत. त्या सूक्ताच्या १३ व्या ऋचेत पाच आऱ्यांच्या एका अखंड फिरणाऱ्या चक्राचे वर्णन येते. सारी भुवने त्या चक्रावर स्थित आहेत असे सांगून ऋषी पुढे असे म्हणतो, की एवढा प्रचंड भार वाहूनही त्या चक्राचा अक्ष तापत नाही आणि अनादिकाळापासून तो आपल्या तुंब्यासह अभंग राहिला आहे. हे संवत्सराचे, ऋतूंचे, काळाचे चक्र होय असा अर्थ परंपरेने लावला आणि तो यथायोग्यच आहे. परंतु काळाचा महिमा गाताना त्या ऋषीला आसाच्या उष्णतेचे स्मरण का व्हावे, इकडे माझे चित्त पुनःपुन्हा ओढले जाते. ज्याने लादलेल्या गाडीचा तापलेला आस कधी हाताने चाचपला नाही, ज्याने तुंबा फुटून भर रस्त्यात कलंडलेले चाक कधी पाहिले नाही, त्याला हे दोन नकार सुचणेच शक्य नव्हते. पृथ्वीवरचे सगळे आस तापतात, सगळे तुंबे एक ना एक दिवस फुटतात, हाच तेवढा तापत नाही आणि फुटत नाही, म्हणून हा वंद्य, असा त्या स्तुतीचा अन्वय आहे. मग जे केवळ विश्वचक्राच्या ठायी संभवते म्हणून स्तविले गेले, त्याचीच अपेक्षा आपण भार वाहणाऱ्या मर्त्य जीवांकडून धर्म म्हणून करू लागलो काय, आणि करू लागलो असलो तर तो अधिकार आपल्याला कोणी दिला, असा माझ्यापुढील प्रश्न आहे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव; देवीचे देऊळ डोंगरावर आहे, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या कोरडवाहू मुलखात नवरात्राचे दिवस हे देवीचे जसे, तसेच निघण्याच्या तयारीचेही असतात. दसरा सरला की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्याकडे ऊसतोडीसाठी निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, आणि हिशेबाच्या वहीत माणसांची नव्हे, कोयत्यांची गणती होते. ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांच्या टायरगाड्यांची चाके निघण्याआधी उतरवली जातात. गाडीवान आसाखाली दगड लावून चाक अधांतरी करतो, तुंब्याची टोपी ठोकून काढतो, नट सोडवून बेअरिंग बाहेर घेतो आणि डिझेलमध्ये धुतो. मग ते उजेडात धरून बोटांनी सावकाश फिरवतो, एखाद्या रुळावर काळा डाग किंवा खरवड दिसते का ते पाहतो, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन ते रुळांच्या फटीतून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरतो. परत बसवताना नट चाक जड फिरू लागेपर्यंत आवळायचा आणि मग किंचित सैल करायचा; शेवटी चाक वरखाली दोन्ही हातांनी धरून हलवायचे आणि ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, राहिला का ते अंगाने जोखायचे. लाकडी तुंब्याच्या जुन्या गाडीला साट्याखाली वंगणाचा नळा टांगलेला असे आणि कुरकुर ऐकू आली की वाटेतच आस माखला जाई. या साऱ्या क्रियांत मला पूजाविधीचे गांभीर्य दिसते, कारण आपला भार जो वाहतो त्याच्याकडे तो वाहवून घेणाऱ्याने वाकून पाहिल्याचा तो क्षण असतो.

आसावरील भाराची हीच गोष्ट यंत्रयुगात किती तीव्र झाली आहे हे पाहायचे असेल तर शर्यतीच्या मोटारीकडे, त्यातही पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीकडे पाहावे. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या ‘मिनी’ या चिमुकल्या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची रॅली जिंकून या रचनेला शर्यतीच्या जगात प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याकडे २०१० साली सुरू झालेली ‘पोलो कप’ ही शर्यतही याच जातीच्या मोटारीची, आणि रस्त्यावर धावणारी पोलो तेव्हा पुण्याजवळ चाकणला तयार होत असे. बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. इथे मात्र इंजिनाचा दांडा तुंब्यातून आरपार जाऊन त्यालाच फिरवतो, आणि ज्याला मेकॅनिक ‘हब’ म्हणतात तो हा तुंबा गोळ्यांच्या दोन ओळी असलेल्या, जेमतेम काही सेंटिमीटर रुंदीच्या बेअरिंगवर तोललेला असतो. मागची चाके या मोटारीत जवळजवळ केवळ मागे येतात. पुढच्या चाकांनी गाडी ओढायची, त्यांनीच वळवायची, अर्ध्याहून अधिक वजन त्यांनीच पेलायचे, आणि ब्रेक दाबताच सारा भार पुढे झुकत असल्याने थांबवण्याचे बहुतेक कामही त्यांनीच करायचे.

अशा चाकाचे बेअरिंग जाते ते एका कारणाने नव्हे. वळणावर टायरला जमिनीकडून जो आडवा रेटा बसतो, तो चाकाच्या त्रिज्येएवढ्या तरफेने त्या अरुंद बेअरिंगला पिळतो. टायर जितका चिकट, तितका पीळ अधिक. ब्रेकची तबकडी हबलाच जखडलेली असते, ती शर्यतीत शेकडो अंश तापते, आणि ती उष्णता लोखंडातून सरकत आत पोहोचली की ग्रीस पातळ होते, रबरी सील कडक होऊन तडकते, धूळपाणी आत शिरते. मार्गाच्या कडेवरून चाक उसळले की गोळ्यांचे सूक्ष्म खळगे त्या ज्या खाचेतून फिरतात तिच्यात उमटतात, पुढची प्रत्येक फेरी त्या खळग्यांवरून जाते, धातूचे पापुद्रे सुटू लागतात, आणि कान सरावलेला असेल त्याला एका बाजूच्या वळणावर वाढणारी घुमघुम ऐकू येते. मग चाकाला प्ले येतो, डळमळणारी तबकडी ब्रेकचे पॅड मागे ढकलून देते, आणि पुढच्या वळणावर चालकाचा पाय अनपेक्षितपणे खोल जातो. कधी बेअरिंग शाबूत असते, पण हबच्या पाळीच्या मुळाशी केसासारखी चीर गेलेली असते. ती बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही, आणि एका क्षणी चाक तबकडीसकट गाडी सोडून निघून जाते. बैलगाडीच्या बेअरिंगसारखे हे बेअरिंग उघडून माखता येत नाही. ते जन्मभराचे ग्रीस पोटात घालून बंद केलेले असते. म्हणून जाणते शर्यतवाले त्याची मजबुती वाखाणत बसत नाहीत. बेअरिंग किती तास धावले याची नोंद ठेवतात, हबच्या मुळाशी चीर आहे का ते तपासतात, आणि वाजू लागण्याची वाट न पाहता ते बदलतात.

१९४७ साली लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडनमधील दोघा अभियंत्यांनी बेअरिंगच्या आयुष्याचे जे गणित मांडले, ते माझ्या मते धर्मचिंतकांनीही वाचण्यासारखे आहे. गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, अष्टमांश होते. भार आणि आयुष्य यांचे नाते घनाचे आहे. ‘थोडे आणखी लादले तर काय बिघडते’ असे म्हणणाऱ्याला ते थोडे दिसते, कारण तो वजन मोजत असतो. वाहणाऱ्याच्या देहात तेच थोडे कितीतरी पटींनी उतरते. त्याच गणिताची दुसरी अट अशी, की बेअरिंगचे सांगितलेले आयुष्य म्हणजे शंभरांतील नव्वद बेअरिंगे जिथवर टिकतील ती मर्यादा. उरलेली दहा त्याआधीच जातील, आणि ती कोणती हे आधी सांगता येत नाही. एकाच पोलादाची, एकाच भट्टीची, एकाच भाराखालची ही भावंडे. त्यांतील जे लवकर गेले त्याने पाप केले नव्हते, त्याची निष्ठा उणी नव्हती. आपण मात्र खचलेल्या माणसाकडे पाहून त्याच्या शेजारच्या न खचलेल्याचे उदाहरण देतो, आणि भाराचा प्रश्न शीलाचा करून टाकतो. प्रारब्ध या कल्पनेचा असा उपयोग करणे हा त्या कल्पनेचा अपमान आहे. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्यासाठी ती दिली गेली, दुसऱ्यावर लादलेल्या ओझ्याचा जबाब देण्यासाठी नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की सहनशीलतेला आपल्या शास्त्रांनी एवढे उंच स्थान दिले ते मग व्यर्थ काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण आणि सुखदुःख सोसण्याचा उपदेश आहे, आणि वेदान्ताने तितिक्षेला साधकाच्या संपत्तीत गणले आहे. ती थोरवी मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु तितिक्षा हे व्रत आहे, आणि व्रत घेणारा ते स्वतःहून घेतो. दुसऱ्यावर कोणी उपवास लादत नाही. श्रीकृष्णाने तो उपदेश केला तो रथात बसलेल्या, धनुष्य खाली ठेवलेल्या, हो किंवा नाही म्हणू शकणाऱ्या पुरुषाला. रथाच्या आसाला नव्हे. आसाविषयी सारथ्याचे जे कर्तव्य असते ते निराळे आहे. हा भेद पुसला गेला, की सोसणे हा सोसणाऱ्याचा सद्गुण न राहता सोसवणाऱ्याची सोय होतो.

ही सोय किती निर्वेधपणे कायद्यातही शिरते याचा एक दाखला घरचाच आहे. जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केंद्र सरकारने १९६५ साली ओझ्याच्या जनावरांविषयी नियम केले. त्यांत गाडीला हवेचे टायर किंवा बॉल बेअरिंग असेल तर बैलांवर अधिक वजन लादण्याची मुभा ठेवलेली आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू दयेचाच होता आणि यंत्रशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा हिशेबही बरोबर होता. तरीही त्याचा परिणाम असा झाला, की चाकातील जे घर्षण कमी झाले ते बैलाच्या वाट्याला विश्रांती म्हणून आले नाही, वाढीव ओझे म्हणून आले.

अध्यात्मरामायणात दशरथाच्या देवासुरसंग्रामाची कथा आहे आणि आपल्याकडच्या कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचवली आहे. ऐन युद्धात रथाच्या आसाची खीळ गळून पडली, दशरथाला त्याचे भानही नव्हते, आणि शेजारी बसलेल्या कैकेयीने त्या रंध्रात आपला हात घालून चाक जागेवर धरले. युद्ध जिंकल्यावर राजाने तो हात पाहिला, विस्मित होऊन तिला दोन वर दिले, आणि पुढे त्या दोन वरांनी अयोध्येचे काय झाले हे सर्वविदित आहे. कैकेयीच्या धैर्याचे गुणगान करून कथेकरी पुढे सरकतात. मला मात्र राजाच्या त्या अनभिज्ञतेपाशी थांबावेसे वाटते. युद्ध चालू असताना तो हात रथाचा भार वाहत होता आणि रथी पुढे पाहत होता. कैकेयीने राजाला हाक मारली नाही, यात आपण तिचा मोठेपणा पाहतो. पण चाक कशावर फिरते आहे हे ज्याने युद्ध संपेपर्यंत पाहिले नाही, त्याच्यावरचे ते ऋण पुढे रामाला, लक्ष्मणाला आणि सीतेला वनात फेडावे लागले, असेही त्या कथेचे वाचन होऊ शकते, आणि मला ते अधिक खरे वाटते.

कोयत्यातील बाईकडेही मी याच दृष्टीने पाहतो. पहाटे उठून भाकरी थापणे, दिवसभर ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे, पोर सांभाळणे, पाणी भरणे, हे सारे एकाच देहावर. आणि एक दिवस कामावर गेली नाही तर ‘खाडा’ पडून दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींत एकीहून थोडे अधिक. कोणाला आजार होता, कोणाला भीती घातली गेली, कोणाला पाळीच्या दिवसांतले खाडे परवडत नव्हते. आणि या साऱ्यांना गावोगाव एकच विशेषण लावले जाते, सोशिक. दीर्घतमसाने विश्वाच्या अक्षाला जे म्हटले तेच आपण त्यांना म्हणतो, आणि गाडी हाकत राहतो.

आता हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर या मजुरांची आरोग्यतपासणी करण्याची व्यवस्था जिल्ह्यात ठरलेली आहे. ती कागदावर न राहता तलवाड्यासारख्या गावात, निघण्याच्या आदल्या आठवड्यात, गाड्यांची चाके उतरवली जातात त्याच दिवसांत झाली, तर नवरात्रातील कोणत्याही अनुष्ठानाहून मी ती उणी मानणार नाही. आणि आणखी एक गोष्ट व्हावी. मुकादमाच्या वहीत उचल, टन आणि खाडे यांचे रकाने असतात. शर्यतीच्या मोटारीतील बेअरिंगचे तास जसे लिहून ठेवतात, तसे त्या देहाने किती तास वाहिले हे लिहिण्याचा रकाना त्या वहीत नाही. येत्या हंगामापूर्वी तो आखला जावा.